शेरा उतरल्यावर

“शेरा उतरल्यावर, साहेब.”

नवे वरिष्ठ कसे वाटले, असे विचारा. समोरचा ट्रकवाला वेडा आहे की शहाणा, असे विचारा. रस्त्यावरची नजर न हलवता मामांचे उत्तर हेच येई.

बेलापूरच्या आमच्या कार्यालयाच्या गाडीचे ते वाहनचालक. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. गाडी थांबली की ते खाली उतरत, लॉगबुक बॉनेटवर ठेवत, पेनाचे टोपण दातांत धरत आणि लिहू लागत. वेळ, किलोमीटर, कुठून कुठे, हे रकाने ते भराभर उरकत. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे पोचले की त्यांचे अक्षर एकदम सुबक होई.

कार्यालयात काम केलेल्या वाचकांना ठाऊक असेल, की शेऱ्याचा रकाना हा कोरा ठेवण्यासाठीच छापलेला असतो. फार तर ‘निरंक’. मामांना हे कोणी सांगितले नसावे. ‘वाहन सुस्थितीत. पुलाखाली खड्डा, डावीकडे.’ ‘वाहन सुस्थितीत. कळंबोलीला लोखंडाच्या ट्रेलरने वाट दिली. भला माणूस.’ ‘वाहन सुस्थितीत. साहेब फोनवर रागावले. नंतर शेंगदाणे घेतले.’

मी प्रशासन अधिकारी. दर महिन्याला ते लॉगबुक तपासून सही करणे हे माझे काम. शेंगदाण्यांपाशी आल्यावर मी त्यांना बोलावून घेतले.

“मामा, शेऱ्यात आवश्यक तेवढंच लिहायचं.”

“आवश्यक काय ते कोन ठरवनार?”

“तुम्हीच ठरवा. पण नीट ठरवा.”

दुसऱ्या दिवशीचा शेरा मला अजून पाठ आहे. ‘वाहन सुस्थितीत. शेऱ्याबाबत साहेबांची सूचना मिळाली. साहेबांचा चष्मा नवीन.’ मी हात टेकले.

मामा उरणच्या बाजूच्या जुन्या गावातले. वडील मिठागरात कामाला होते. द्रोणागिरीच्या आमच्या गोदामाकडे जाताना एका ठिकाणी ते गाडीचा वेग अगदी कमी करत. तिथे ना गतिरोधक, ना चौक, ना पाटी. सरळ, रुंद, कंटेनरच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता. मला वाटे, वयाची सवय असेल. एकदा विचारले, तर नेहमीचेच उत्तर मिळाले. गोदामापाशी उतरल्यावर मात्र ते बोलले.

“हितं आमच्या मिठागराचा बांध होता. बांधावरनं पोर पलालं की कडेची माती मिठात पडायची. पांढऱ्या मिठात कालं. बाप मारायचा नाय. नुसता बघत रायचा.” मग म्हणाले, “त्यापेक्षा मारलेलं बरं होतं.”

त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. जूनपासून करंजाड्याच्या एका शाळेची गाडी चालवायची, हे ठरले होते. त्याचा त्यांना कोण आनंद! “पोरांची गाडी हाय, साहेब. परवाना कोरा लागतो. एक बी ठपका चालत नाय. आपला कोराच हाय.” हे सांगताना ते शर्टाच्या खिशावर हात ठेवत. परवाना तिथेच असे.

आता जे सांगायचे आहे ते मी फार दिवस टाळले. त्या आठवड्यात कार्यालयाला नवी गाडी मिळाली होती. गोदामाची तपासणी आटोपून दुपारी तीनच्या सुमारास आम्ही परत निघालो. रस्ता मोकळा होता. मी चावीसाठी हात पुढे केला.

“द्या, आज मी चालवतो.”

“साहेब, नियमात बसत नाय.”

“नियमाचं परिपत्रक मीच काढलंय, मामा.”

ते खरे होते. ‘नियुक्त वाहनचालकाखेरीज अन्य कोणीही वाहन चालवू नये’, खाली माझी सही. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिले, चावी दिली आणि लॉगबुक मांडीवर घेऊन शेजारी बसले.

मी वेग का वाढवला, याचे कारण मी पुष्कळ शोधले आहे. घरी कोणी आजारी नव्हते, बैठक नव्हती, कोणाशी भांडण झालेले नव्हते. गाडी नवी होती, आवाज येत नव्हता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अजून काही जमते, असे कोणीतरी म्हणावे एवढीच इच्छा होती. पाटी साठची होती. काटा शंभरच्या पुढे गेला, तेव्हा मी मामांकडे पाहून हसलो. ते हसले नाहीत. बांधाची जागा कधी मागे पडली, मला कळलेही नाही.

दुभाजकाच्या फटीत एक बाई उभी होती. गोदामातल्या पाळीवर निघालेली असावी, हातात पिशवी. तिने एक पाय रस्त्यावर टाकला होता. आमची गाडी पाहून तिने तो पाय मागे ओढला आणि आम्ही तिच्या पुढून गेलो. इतकेच घडले. ब्रेक मी नंतर दाबला. आरशात ती तशीच उभी होती, अगदी स्थिर.

“थांबवा,” मामा म्हणाले. त्यांनी मला दिलेली ती पहिली आज्ञा.

ते उतरून मागे चालत गेले. तिच्याशी काही बोलले. परत येऊन माझ्या बाजूचे दार उघडून उभे राहिले. मी उतरून शेजारच्या जागेवर गेलो. 

“काय म्हणाल्या त्या?”

“शेरा उतरल्यावर, साहेब.”

बेलापूरला पोचल्यावर त्यांनी लॉगबुक प्रवास करणाऱ्याच्या रोजच्या सहीसाठी माझ्यापुढे धरले. वेळ होती, किलोमीटर होते, कुठून कुठे होते. शेऱ्याचा रकाना कोरा होता. ‘वाहन सुस्थितीत’ हे दोन शब्दही नव्हते. मी पाहिले, आणि सही केली.  

पुढच्या पुलाखाली पोलिसांची वेग मोजणारी गाडी उभी होती आणि आम्ही थांबण्याआधीच तिने दुरून आमचा वेग टिपला होता, हे दोन दिवसांनी कळले. कार्यालयाच्या फोनवर ई-चलन आले. साठच्या जागी एकशे सहा. सोबत छायाचित्र. काचेवर ऊन पडलेले होते आणि उन्हामागे दोन पांढरे ठिपके. स्टिअरिंगमागचा ठिपका कोणाचा, हे मलाही ओळखता आले नसते. दंड मी त्याच दिवशी भरला. तो भाग सोपा होता. मग परिवहन खात्याचे पत्र आले: त्या वेळी वाहन चालवणाऱ्याचे नाव व परवाना क्रमांक कळवावा, परवाना निलंबित का करू नये याची सुनावणी होईल.

आमच्या विभागातल्या लिपिक मॅडम कामाला चटपटीत. तासाभरात उत्तराचा कागद माझ्या टेबलावर.

“सर, रेडी आहे. मामांचं नाव टाकलंय, लायसन्सचा नंबर पण. तुमची सही तेवढी राहिलीय.”

“मामांना विचारलंत?”

“विचारलं ना. म्हणाले, साहेबांना विचार. मी म्हटलं, अहो मामा, यात साहेबांना काय विचारायचंय, गाडी तुम्हीच चालवता ना? तर हसले नुसते. पण एवढा सरळ माणूस आणि एकशे सहा? टेन्शनच आलं मला. त्या शाळेच्या गाडीचं आता कसं होणार, सर?”

मी म्हणालो, “ठेवा. बघतो.”

तो कागद सहा दिवस माझ्या खणात होता. मला खोटे लिहावेही लागणार नव्हते. ते दुसऱ्या कोणी लिहून ठेवले होते. मला फक्त सही करायची होती. माणूस किती कमी कष्टात खोटा होऊ शकतो, हे मला तेव्हा कळले. खरे सांगितले तर माझा परवाना जाणार, माझ्याच परिपत्रकाखाली मला मेमो मिळणार, आणि सगळे कार्यालय हसणार. न सांगितले तर मामांच्या खिशातला परवाना कोरा राहणार नाही. एवढा साधा हिशोब, आणि मला तो सहा दिवस सुटत नव्हता.

त्या सहा दिवसांत मामा रोज वेळेवर येत, दार उघडत, साठच्या पाटीला साठनेच चालवत. एका शब्दाने काही बोलले नाहीत. शेरे मात्र चालू होते. ‘वाहन सुस्थितीत. साहेब गप्प.’ ‘वाहन सुस्थितीत. साहेब गप्पच.’ चौथ्या दिवशी, ‘साहेबांनी डबा तसाच परत नेला.’ कोऱ्या रकान्याखाली हे भरलेले रकाने साठत चालले होते. मला त्यांच्या वडिलांची आठवण झाली, ज्यांना मी कधी पाहिले नव्हते. ते मारत नसत. नुसते बघत.

सातव्या दिवशी सकाळी मी गाडीत बसलो आणि म्हणालो, “मामा, वही द्या.”

“आता? शेरा उतरल्यावर, साहेब.”

“त्या दिवसापासून मी उतरलोच नाही, मामा. द्या.”

त्यांनी लॉगबुक दिले आणि पेनही. मी त्या तारखेचा रकाना काढला. ‘वाहन मी स्वतः चालवत होतो. वाहनचालकांनी नियमाची आठवण करून दिली होती. वेग मर्यादेबाहेर. घाईचे काहीही कारण नव्हते.’ खाली सही, आणि आजची तारीख.

मामांनी ओठ हलवत सगळे वाचले. मग माझ्या हातातले पेन घेऊन उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिले: ‘चावी मी दिली.’

“हे कशाला? मी मागितली म्हणून दिलीत ना?”

“मागितली तुमी, दिली मी. दोन येगली कामं हायत ती.”

“मग त्या दिवशी रकाना कोरा का ठेवलात? लिहायचंत सरळ.”

“तुमीच म्हनाला होता ना, आवश्यक तेवढंच लिवायचं? चालवत मी नव्हतो. चालवनाऱ्यानं लिवावं. जागा ठेवली होती.”

“आणि मी नसतं लिहिलं तर?”

त्यांनी गाडी सुरू केली. “तर कोरी दिसली असती. शंभर पानांत येकच.”

थोडे पुढे गेल्यावर मी विचारले, “ती बाई काय म्हणाली होती?”

या वेळी त्यांनी उतरण्याची वाट पाहिली नाही. “ती म्हनाली, ‘डायवरला सांग, माजा पाय माज्याकडंच हाय. त्याचं डोकं त्याच्याकडं हाय का, त्येवढं बघ.’”

मला हसू फुटले, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. मामाही हसले, पण नजर रस्त्यावरच.

मॅडमनी तयार केलेला कागद मी फाडला आणि नवा स्वतः लिहिला. सुनावणीला गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले, पदाकडे पाहिले. “साहेब, लोक ड्रायव्हरचं नाव देऊन मोकळे होतात.”

“नाही होत,” मी म्हणालो.

परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. कार्यालयात मला मेमो मिळाला. त्याचे पाकीट मॅडमनी माझ्या हातात दोन्ही हातांनी दिले, प्रसाद द्यावा तसे. मामांनाही चावी दिल्याबद्दल समज देणारे पत्र मिळाले. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवले, परवान्याच्या बाजूला. परवाना कोराच होता.

सुनावणीवरून परतताना मला गाडीत झोप लागली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. त्या दिवशीचा शेरा: ‘वाहन सुस्थितीत. साहेब झोपले. गाडी चाळीसने आणली.’

माझी स्वतःची मोटार तीन महिने सोसायटीच्या आवारात कापडाखाली उभी होती. शेजारी विचारत, “बिघडली का हो?” मी सांगे, “गाडी चांगली आहे. मी बिघडलो होतो.” सुरुवातीला हे सांगताना मी उगाच गाडीवरचे कापड सारखे करत राही. नंतर सवय झाली, आणि अखेर अखेर तर मला ते सांगायला बरे वाटू लागले.

मे अखेर मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषण. भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, “काय बोलू? गाडी चालवली,” आणि बसले. परवाना मला त्याच आठवड्यात परत मिळाला होता. मी म्हणालो, “आज तुम्हाला मी घरी सोडतो. माझ्या गाडीतून.” ते शेजारी बसले. मांडीवर लॉगबुक नव्हते, म्हणून हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना. शेवटी नारळ मांडीवर घेतला.

उरणच्या रस्त्याला लागलो. साठची पाटी, काटा पंचावन्नवर. ती जागा जवळ आली तेव्हा मी वेग कमी केला, अगदी चालण्याइतका. मागच्या कंटेनरने भोंगा वाजवला. मामा खिडकीबाहेर बघत होते.

“कशी चालवली?” मी विचारले.

“शेरा उतरल्यावर, साहेब.”

गावच्या फाट्यावर ते उतरले. शाल सावरत माझ्या खिडकीपाशी आले. मी वाट पाहत होतो.

“तुमच्या गाडीला वही नाय,” ते म्हणाले, आणि हसत, नारळ काखेत धरून, चालू लागले.

आता कार्यालयात कंत्राटी गाडी येते. ती कुठे आहे, किती वेगाने धावते आहे, हे मला टेबलावरच्या पडद्यावर दिसते. त्यात शेऱ्याला जागा नाही. मामांची वही अभिलेखात पाठवण्यापूर्वी मी एकदा उघडली. शेवटचे भरलेले पान. निरोप समारंभाच्या आधी, चावी जमा करून, त्यांनी सुबक अक्षरात लिहिले होते:

‘वाहन सुस्थितीत. साहेब सुस्थितीत. उतरलो.’