दत्ताच्या लेकीचा रुपया

"कडी जोडू नका, नाणं वाया जाईल!" मी सोनाराचा हात धरला.

"नाणं कुणाचं हाय रं?" दत्ता हसला.

दत्ता माझा कडेगावचा मित्र. लेकीच्या बारशासाठी सासूनं त्याला वाईच्या टांकसाळीतला चांदीचा रुपया दिला. माझ्या जुन्या नाण्यांच्या संग्रहासाठी तसाच रुपया मी इतकी वर्षं शोधतोय. दत्ताला मात्र तो कडी लावून काळ्या दोऱ्यात ओवायचा होता.

"माझी दहा नाणी घे, हे मला दे."

"लय जळतोस गड्या. आमच्यात रुपया लेकराच्या गळ्यात असतो, डबीत न्हाई."

कडी बसली. मला वाईट नाण्याचं वाटलं, की ते माझं नव्हतं याचं? तुम्हीच सांगा.

आज सकाळी दत्तानं बारशाचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून नाणं पाहिलं. बाळाचा चेहरा पाहायचा राहिला.