आग्रहाची प्रोफेसरकी

हाती आलेली प्रोफेसरकी पंगतीतल्या पुरणपोळीसारखी 'नको, नको' म्हणून परत करणारा माणूस सबंध मध्यप्रांत-वऱ्हाडात एकच झाला, आणि तो माझा सख्खा आतेभाऊ आहे, हे मी छाती पुढे काढून सांगतो. तो साखरखेर्ड्याचा, मी उंद्रीचा. दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेले आम्हीच पहिले. मी बी.ए. होऊन थांबलो, तो एम.ए. झाला, आणि तेही इतिहासात! काय बोलायचा हो! एकदा रेल्वे गाठायला खामगावला निघालो, तर दमणीत बसल्या बसल्या त्याने पानिपत सुरू केलं. गाडीवानाने भर रस्त्यात बैल थांबवले आणि मागे वळून बसला. मी ओरडलो, तर म्हणतो कसा, "मालक, रेल्वे त रोजच जाते. मंग काय झालं?" रेल्वे गेली, पानिपत मात्र पुरं झालं. असा माणूस कॉलेजात नाही तर कुठं शोभणार?

पण एक खोड होती. आमच्याकडे पाहुण्याने पहिल्याच आग्रहाला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्याने शपथ घालायची, मग बोटांच्या फटीतून पडेल ते निमूट खायचं. हे आम्ही सगळे घरी करतो. आतेभाऊ सगळ्या जगात करायचा. नागपूरच्या खाणावळीत आचारी "पोळी?" म्हणे, हा हात आडवा धरी, आणि आचारी सरळ पुढच्या पानाकडे जाई. बिचारा अर्धपोटी कॉलेज शिकू लागला. शेवटी शेजारच्या पानावरून आचाऱ्याच्या वतीने मीच "घे बे, माह्यी शपथ!" म्हणायला लागलो, तेव्हा कुठं त्याच्या अंगावर मांस दिसलं.

पुढे एका कॉलेजात इतिहासाची जागा निघाली. जागा एक आणि बाकांवर उमेदवारांची ही दाटी! कोणाचा मामा कमिटीत, कोणाचा सासरा. आमच्या बाजूने फक्त मी, दाराशी त्याची छत्री धरून उभा. आतून आधी प्रश्न ऐकू येत होते, मग नुसता त्याचाच आवाज, आणि मग प्रिन्सिपॉलसाहेब चक्क "वाहवा!" म्हणाले. "आम्हाला तुम्हीच पसंत आहात. पत्करता ना जागा?"

मी दाराच्या फटीतून डोकावलो. आणि आमचा हा हात आडवा धरून म्हणतो, "नाही साहेब, राहू द्या. बाहेर माझ्याहून लायक लोक बसले आहेत."

"बरं," साहेब म्हणाले, "पुढच्यांना पाठवा."

हा हसतच बाहेर आला.

"काऊन बे, नाही काऊन म्हटलं?"

"एकदम हो म्हणू? हपापलेला समजतीन ना मले! थांब, आता बोलावतेत."

शिपायाने दाराला कुलूप लावेपर्यंत थांबलो. परतीच्या गाडीत तो एवढंच बोलला, "त्यायनं अजून एक डाव तरी विचाराले पाह्यजे होतं बे."

मग मी त्याला तालमीत घेतलं. विहिरीवर, खळ्यात, तोंडात घास असताना, कुठंही मी ओरडायचो, "जागा घेता का?" आणि त्याने हात खाली ठेवून "हो!" म्हणायचं. आत्या म्हणायची, "पोट्टे बिघडले कॉलेजात जाऊन." पण जबलपूरच्या मुलाखतीत साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याने असा काही "हो, घेतो!" ठोकला, की साहेबांच्या हातातला टाक खाली पडला. जागा मिळाली! साखरखेर्ड्यात आत्याने अख्ख्या आळीला पेढे वाटले, आणि एकेकाला शपथ घालून खायला लावले.

परवा मी जबलपूरला गेलो होतो. त्याच्या ओसरीवर पोरं पानिपत ऐकत बसली होती. दिवे लागले तरी एकही जण हलेना. ती गेल्यावर तो किटली घेऊन आला.

"चहा घेतोस?"

"नाही बे, राहू दे," मी पेल्यावर हात आडवा धरला.

"बरं," तो म्हणाला, आणि किटली खाली ठेवून माझ्या शेताची चौकशी करू लागला.

चांगलं शिकला होता. मीच शिकवलं होतं. पेल्यावरचा हात मी जरा वेळ तसाच राहू दिला.