चार वाजताचे श्वास

नमस्कार. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, पण स्वतः लिहिताना हात अडखळतोय. एक तर लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि तीही चौतिसाव्या वर्षी. दुसरं म्हणजे असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारा टाकणं, असलं काही आईला घरात चालायचं नाही. शेजारची कुणी बाई अमक्याला झपाटलंय म्हणून सांगायला लागली, की आई म्हणायची, "त्याला आधी दवाखान्यात ने, मग मला सांग."

त्यामुळे हे आईला सांगितलं असतं तर तिने मलाही दवाखान्यातच पाठवलं असतं. पण ती आता नाही…

आम्ही बदलापूरला, शिरगावात राहतो. तेव्हा घरात मी, आई आणि धाकटा भाऊ. माझं लग्न टिकलं नाही. परत आल्यावर अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला जायचे. बारावी बाहेरून केली आणि भीत भीत नर्सिंगचा फॉर्म भरला. कॉलेज उल्हासनगरला. वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, मला "ताई" म्हणायच्या. चिडवायचं असलं की "काकू".

पहिल्या वर्षी आम्हाला एक वही करायची होती. घरातल्या एका माणसाचं ताप, नाडी आणि श्वास रोज सकाळ-संध्याकाळ मोजून लिहायचे. मी आईला धरलं. श्वास मोजायची एक पद्धत असते. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, तसंच धरून गुपचूप छातीकडे बघत एक मिनिट मोजायचं. माणसाला कळलं की त्याचा श्वास बदलतो. पण आईला लगेच कळायचं. ती मला मदत म्हणून श्वास रोखून धरायची.

"अगं आई, नेहमीसारखा घे ना!"

"नेहमी कसा घेते ते मला काय म्हाईत? मी काय बघत बसते व्हय?"

मग हसून हसून दोघींचा आकडा चुकायचा. पुढे पुढे तीही माझ्याबरोबर मोजायला लागली. आई शाळेत गेलेली नव्हती, तिला विसापर्यंतच मोजता यायचं. वीस झाले की ती "एक इसा" म्हणायची आणि परत एकपासून सुरू. सव्वीस म्हणजे एक इसा न् सहा. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत, अगदी हळू आवाजात.

वॉर्डात मात्र असं कुणी मोजत नव्हतं. पेशंट जास्त, वेळ कमी. श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वीस, वीस, वीस. एक मैत्रीण म्हणायची, "ताई, वीस लिहा आणि मोकळ्या व्हा. सगळे ठणठणीत!" मीही तेच करायला लागले होते. लपवत नाही.

त्या दिवशी सकाळी आई उठली तीच छाती चोळत. म्हणाली, "भरल्यासारखं वाटतंय गं." मला निघायची घाई, उशीर झाला की वॉर्डात घेत नाहीत. तिचं मनगट धरलं, अर्धं मिनिट नाडी बघितली. अठ्ठ्याऐंशी. श्वासापुढे वीस लिहून वही मिटली.

"श्वास मोजला का?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "मोजला की. तुला कळू न देताच मोजायचा असतो."

ती खूश झाली. "शिकलीस बाई," म्हणाली. मी चप्पल घालून निघाले.

दुपारी चारला, रोजच्या वेळी, फिमेल वॉर्डात मी तापाची फेरी सुरू केली. सात नंबरला एक सिंधी आजी होत्या. झोपल्या होत्या, शेजारी त्यांची सून बसलेली. आजींचं मनगट धरलं, नाडी बघितली आणि वीस लिहायला पेन टेकवलं…

तेवढ्यात डाव्या खांद्यामागे कुणीतरी मोजायला लागलं.

मोठ्याने नाही. कुजबुज. अकरा… बारा… तेरा… आणि मिश्रीचा वास. आई मिश्री लावायची, तोच वास. माझी मान वळेना. हात आजींच्या मनगटावर तसाच. एकोणीस. एक इसा. मग परत एक, दोन, तीन… खूप घाईघाईने, धाप लागल्यासारखं. एक इसा न् चौदा, आणि आवाज थांबला. वासही गेला. मी वळून बघितलं. मागे फक्त सलाईनचा स्टँड.

मला एवढंच कळलं, की चौतीस म्हणजे पेशंट सीरियस आहे. मी चौतीस लिहिलं आणि सिस्टरांकडे धावले. त्या लगबगीने आल्या. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं.

अठरा.

"दीदी, मम्मी तो आराम से सो रही है," सून घाबरून म्हणाली.

सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "चौतीस कुठून आणलंस? मोजता येत नसेल तर विचारायचं. वय वाढलंय, निदान जबाबदारी तरी वाढू दे!" माझा आकडा त्यांनी लाल पेनने खोडला. मैत्रिणी बघत होत्या.

मला तेव्हा घरी फोन करावासा वाटला होता. खूप वाटला. पण आमचे फोन ऑफिसात जमा असतात, आणि एवढी बोलणी खाल्ल्यावर पुन्हा सिस्टरांसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. ड्युटी संपल्यावर फोन हातात आला तर भावाचे नऊ मिस्ड कॉल.

आई साडेचारच्या सुमारास रिक्षातच गेली. दवाखाना गाठलाच नाही.

आमच्या शेजारच्या नंदावहिनी शेवटी तिच्याजवळ होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं. "मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. धाप लागलेली. मी म्हटलं, रिक्षा बोलवते. तर म्हणतात, थांब, चार वाजले, पोरीनं आता मोजायला घेतलं असंल, मी बी मोजते. बोटांवर मोजत होत्या गं. मी घड्याळ धरलं, म्हटलं जरा शांत होतील. मग मला वही दिली. म्हणाल्या, लिहून ठेव, ती आली की इचारंल. मी लिहिलं आणि रिक्षा आणायला पळाले."

मी वही उघडली. सकाळच्या माझ्या वीसच्या खाली वहिनींच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं — ४ वाजता, ३४.

वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, सकाळचं तुमच्या मनाला टोचत होतं, म्हणून भास झाला." असेल. वास, आवाज सगळा भास असेल. पण आकडा? तो मी कुणाला विचारू? बदलापूर कुठे आणि उल्हासनगर कुठे. मी लिहिलेला तो श्वास त्या आजींचा नव्हता, एवढं नक्की. त्यापुढचं मला काही सांगता येत नाही.

कधी वाटतं, सकाळी मी मोजलं नव्हतं हे तिला कळलं होतं, तेच सांगायला आली. कधी वाटतं, छे, ती नेहमीसारखी मदतच करत होती.

कॉलेज सोडलेलं नाही. आता दुसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येक पेशंटपाशी पूर्ण मिनिट थांबते, फेरीला उशीर होतो, बोलणी खाते. तो आवाज परत कधी आला नाही. मी वाट बघते, हेही खरं.

एक गोष्ट मात्र अजून घरात कुणाला सांगितलेली नाही. भेटायला कुणी आलं, की भाऊ मोठ्या अभिमानाने सांगतो, "सकाळी ताईने स्वतः तपासलं होतं हो, सगळं नॉर्मल होतं. नंतर अचानकच झालं." लोक माझ्याकडे बघून मान हलवतात. म्हणतात, बरं झालं, घरात एक तरी शिकलेलं माणूस होतं.

मी चहा ठेवायला आत जाते.