आईची ‘गेट’ची वही
पेन्सिलीला टोक काढताना येणाऱ्या लाकडाच्या वासाने मला न्यूझीलंडमधल्या टौरंगातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. २०१४ साली आई तिथे सहा महिने राहायला आली होती. माझी लेक आजीला इंग्रजीतच उत्तर द्यायची आणि तिच्या दर वाक्यात ‘गेट’ (get) हे क्रियापद असायचंच. आई ती वाक्यं वहीत उतरवायची. प्रत्येकासमोर ‘आणणं’, ‘मिळणं’, ‘समजणं’, ‘होणं’ असे ‘गेट’चे अर्थ पेन्सिलीने लिहायची, मी तपासले की पेनने गिरवायला. एका संध्याकाळी मी कामावरून दमून आलो, तर ती वही घेऊन दारातच उभी. “अरे, एवढं एकच बघ ना.” “आई, या वयात काय करायचंय तुला हे शिकून?” मी खेकसलो. तिने वही मिटली, पुन्हा कधी काही विचारलं नाही. आता आई नाही. परवा ती वही उघडली. सगळे अर्थ बरोबर होते, पण पेनने गिरवायला माझा हात धजला नाही.