पानावर आडवे हात

माझी सूनबाई इथे बनारसला विद्यापीठात शिकवते. मी रेल्वेतून निवृत्त झालेला, तापट डोक्याचा म्हातारा. तिनं तीन दिवसांची परिषद भरवायची ठरवली आणि म्हणाली, "बाबा, या वेळी कचरा करायचा नाही." मी हसलोच. देशभरातून माणसं बोलवायची आणि कचरा करायचा नाही म्हणे! "अगं, मग बोलावूच नकोस ना कुणाला," मी म्हटलं.

ऐकते कुठली! पाहुणे उतरणार त्या हॉटेलच्या मॅनेजरला तिनं तीनदा गाठलं. चादरी-टॉवेल रोज बदलायचे नाहीत, पाहुण्यानं मागितले तरच. खोलीत प्लास्टिकच्या बाटल्या नकोत, झाकणाची सुराही ठेवा. शाम्पूच्या चिमुकल्या बाटल्याही बंद. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, गेस्ट कंप्लेन करेंगे." ही म्हणाली, "मेरे पास भेज दीजिए." हॉटेलही मुद्दाम घाटाजवळचं घेतलं, म्हणजे गाड्या नकोत, माणसं चालत येतील. गल्लीत सांडाला वाट द्यायलाही शिकतील, मी म्हटलं.

अडलं ते जेवणावर. मागच्या वर्षी हॉटेलात बुफे होता. स्वयंपाकघरामागे अर्धवट खाल्लेल्या पनीर-नानांनी भरलेले पिंप पाहून ही घरी आली आणि त्या रात्री जेवलीच नाही. म्हणून या वेळी तिला आपल्या मराठी मंडळींच्या सभागृहात पंगत हवी होती. पत्रावळी मांडायच्या, ज्याला जेवढं हवं तेवढंच वाढायचं. विभागप्रमुख सज्जन, पण धास्तावलेले. त्यांनी अट घातली, "एक दिन कर लीजिए. जूठन की बाल्टी मैं खुद देखूँगा. खाना फेंका गया तो बाकी दो दिन होटल का बुफे." ही हो म्हणाली. वर्षभर तिनं डोक्यात घेतलेलं सगळं आता एका दुपारवर येऊन ठेपलं.

वाढायला माणसं कमी पडत होती म्हणून मी पुढे झालो. तिनं माझ्या हातात पुरणपोळ्यांचं ताट दिलं आणि बजावलं, "बाबा, विचारून वाढायचं. नको म्हटलं की पुढे जायचं."

"मला शिकवतेस? जन्म गेला पंगती वाढण्यात!"

आणि तिथेच घोळ झाला. आपल्याकडे पाहुणा पानावर दोन्ही हात आडवे धरतो, "पुरे, पुरे" म्हणतो, आणि वाढणारा हाताच्या फटीतून वाढून मोकळा होतो. त्याशिवाय ना त्याला जेवल्यासारखं वाटत, ना आपल्याला वाढल्यासारखं. दक्षिणेकडून आलेले एक वयस्कर प्राध्यापक बसले होते. त्यांनी हात आडवे धरले. "अरे साहब, ऐसे कैसे चलेगा!" म्हणत मी दोन पोळ्या सरकवल्या, वर तूप सोडलं. बिचाऱ्यांचं 'नको' खरंच नको होतं. पंगत उठली तेव्हा ते हात जोडून उठले आणि पोळ्या तशाच राहिल्या.

बाकी पत्रावळी अशा स्वच्छ की बघत राहावं. उष्ट्याच्या बादलीत मिरचीची देठं आणि कढीपत्ता, बस. आणि हे एक पान! पान दुमडून मी दाराकडे निघालो.

"बाबा, कुठे?"

"गायीला घालून येतो."

"गायीच्या नावावर आपण किती दिवस खपवायचं?" ती हळूच म्हणाली आणि पान माझ्या हातून घेतलं. तेवढ्यात विभागप्रमुख आत आलेच.

बादलीत डोकावून ते खूश झाले. मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. "ये क्या है?"

"सर, ये बच गया." एवढंच. माझं नाव नाही, सबब नाही. मलाच राहवलं नाही. "मैंने जबरदस्ती परोसा था," मी म्हटलं.

त्यांनी सुस्कारा सोडला. "तो फिर कल से..."

"सर, अभी फेंका कहाँ है?" असं म्हणून ती तिथेच जमिनीवर बसली, पान पुढ्यात उलगडलं आणि पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला.

मी थिजलो. आमचं घर पुरोहितांचं. परक्याच्या उष्ट्याला हात लागला तरी अंघोळ करणारे आम्ही. आणि ही पोर, चूक माझी असताना, सगळ्यांदेखत शांतपणे खात होती. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि खरं सांगतो, असा अभिमानही. गुडघे धरत कसाबसा मी तिच्याशेजारी बसलो.

"एक इकडे दे."

"बाबा, उष्टं आहे."

"दिसतंय मला. दे."

आम्ही दोघं खात होतो आणि विभागप्रमुख उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "ठीक है. कल भी यहीं होगा. बस, परोसनेवाला बदल दीजिए."

बोलणं रास्तच होतं त्यांचं.

"नहीं सर," सूनबाई म्हणाली, "कल भी बाबा ही परोसेंगे."

मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. डोळ्यांतलं पाणी पानावर पडू नये म्हणून मी तोंड भिंतीकडे वळवलं आणि उरलेली पोळी खाऊन टाकली.