हाडातून सलाईन

मी वाढले भिलाईत, वैशाली नगरला. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले तोवर मी उतईकडच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागले होते. लहान मुलाला मोठा मार लागला की आम्ही पट्टी बांधायचो, सलाईन लावायचो आणि भिलाईला पाठवायचो. तेव्हा जखमी मुलांच्या उपचाराचं ट्रेनिंग भिलाईतच आहे म्हटल्यावर मी आणि आमची सिस्टर वेळेच्या आधीच जाऊन बसलो.

शिकवायला आलेल्या सर्जनबाईंनी समोर कोंबडीच्या तंगड्या मांडल्या. जवळच्या कोहका भागातल्या दुकानातून सकाळीच मागवल्या होत्या. मूल पांढरंफटक पडलं की शिरा चपट्या होतात, सापडत नाहीत, तेव्हा शोधत बसू नका, असं त्या म्हणाल्या. गुडघ्याखाली आतल्या बाजूला हाड सपाट असतं. त्यात जाड सुई घाला. शिरेतून जे देतो ते हाडातूनही देता येतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, हातानं कधी केलं नव्हतं. सुई दाबत, फिरवत गेले आणि एकदम आतला अडसर सुटला. मी चक्क ओरडलेच. सिस्टर हसली, पण तिची सुई गेली तेव्हा ती माझ्याहून मोठ्यानं ओरडली. घरी गेल्यावरही माझी टकळी थांबेना. आई म्हणाली, "कोणतं बक्षीस भेटलं वो तुले?"

काही दिवसांनी दुपारी एक माणूस चार वर्षांच्या मुलीला उचलून धावतच आत आला. मागे त्याची बायको. मुलगी आजोळी आली होती आणि उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून खाली पडली होती. रक्त कुठंच दिसत नव्हतं, पण ओठ पांढरे, हातपाय गार, मनगटाची नाडी लागत नव्हती. पोटाला हात लावला की कण्हायची. रक्त आत वाहत होतं.

सिस्टरनं ऑक्सिजन लावला, मी १०८ला फोन करायला सांगितलं. सिस्टरनं एका हातावर शीर शोधली, मग दुसऱ्यावर, पण सापडेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींच्या मनात एकच आलं.

ट्रेनिंगहून आणलेली सुई काढली. पाय मोडला नाही ना, ते चाचपून पाहिलं. इतका वेळ हिंदीत बोलणारा तो बाप घाबरून बायकोकडे वळला, "मार पोटाले लागला, अन् ह्या पायात कावून टोचून राहिल्या?"

आमच्या घरातलीच बोली! मी म्हटलं, "भाऊ, हाताची शीर सापडून नाही राहिली. हाडातून पाणी लवकर जाते. तुम्ही तिचं डोकं धरा, तिच्याशी बोला."

तो मुलीच्या कानाशी वाकून बोलू लागला.

सुई दाबली, फिरवली. अडसर सुटला. पण या वेळी मी ओरडले नाही, सुई हाडात पक्की बसली का ते बघितलं. सुई हलत नव्हती. सिस्टरनं सिरिंजनं सलाईन ढकललं आणि ते सरळ आत गेलं.

"मॅडम, जा रहा है!" सिस्टर म्हणाली.

आम्ही सिरिंजमागून सिरिंज देत राहिलो. मनगटावर माझं बोट होतंच. आधी काहीच नाही. मग बारीकशी, मग नीट, नाडी लागली! आणि मुलगी भोकाड पसरून रडली. तिची आई रडायला लागली, तशी मी हसत म्हणाले, "रडू द्या तिले, वहिनी, रडू द्या!"

अँब्युलन्समध्ये मी सोबत गेले. भिलाईत तिला रक्त दिलं. पोटातल्या प्लीहेला चीर गेली होती, पण ऑपरेशन लागलं नाही, नजरेखाली ठेवूनच ती सावरली.

रविवारी तिला बघायला गेले तर बाईसाहेब बिस्कीट खात बसल्या होत्या. मला पाहताच तिनं पाय चादरीखाली ओढून घेतला. बाप शेजारच्या खाटेवाल्याला सांगू लागला, "ह्याच त्या डॉक्टरीण. हड्डीतून पाणी देल्लं माह्या पोरीले!"

बाहेर येऊन मी सर्जनबाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझ्याबरोबर शिकवायला..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले होते.