वाढलेली मुलगी

"बघा हिला. इतकी वाढ झाली की पोरगी हाताबाहेर गेली समजा."

बाईसाहेबांनी मला स्टुलावर उभं केलं होतं. हातातल्या फूटपट्टीनं त्या माझ्या छातीकडे दाखवत होत्या. खाली सतरंजीवर वीस-बावीस मुली. काही हसल्या, काहींनी मान खाली घातली. मी तेरा वर्षांची होते.

मध्य प्रदेश तेव्हा नवा होता आणि इंदूरच्या दरबारी घरांतल्या बायकांना समाजसेवेची हौस आली होती. बडा गणपतीजवळच्या एका हॉलात दर रविवारी त्यांतल्याच या बाईसाहेब मुलींचा वर्ग घेत. वयात येताना शरीरात, मनात काय बदलतं ते समजावून सांगणार, असं म्हणत. मी हट्टानं नाव घातलं. दोन महिन्यांपूर्वी मला पाळी आली होती आणि मी मरणार अशी माझी खात्री झाली होती. आई नव्हती. विचारणार कोणाला?

त्या दिवशी उंची-वजन होतं. बाकीच्या मुलींना बाईसाहेबांनी स्वतः दंडाला धरून काट्यावर चढवलं, टेपनं मोजलं. माझा नंबर आला तेव्हा टेप कामवालीच्या हातात गेली. "गेंदाबाई, हिचं तू घे." नंतर टेप बादलीत बुचकळली. आम्ही बौद्ध झालो होतो, पण त्यांच्या लेखी जुनेच होतो.

मग ते स्टूल. शेजारच्या बाईंना त्या हिंदीत म्हणाल्या, "इन लोगों में जल्दी होता है." इंदूरच्या पोरीला हिंदी कळणार नाही, असं त्यांना वाटलं की काय!

मी स्टुलावरूनच विचारलं, "बाईसाहेब, पाळी का येते?"

"चांगल्या घरच्या मुली असलं विचारत नाहीत."

पुढच्या रविवारी त्यांनी बाबांना बोलावलं. सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "शाळा बंद करा, जल्दी लग्न उरकून टाका. बाकी मुली बिघडतील."

माझे आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते. साहेब समोर आला की टाचा जुळवायच्या, हे बाबा त्यांच्याकडून शिकले होते. आपल्या पोरीचा अपमान होतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांना वाटलं, एवढ्या मोठ्या घरच्या बाईनं आपली काळजी केली.

"जी बाईसाहेब. मेहरबानी आपली."

त्या 'मेहरबानी'नं माझं डोकं फिरलं. बाबांची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. मी बोलले. 

"मी बिघडलेली नाही. मी मोठी होतेय. तुमची ताईपण होतेय. तिला चढवा ना स्टुलावर."

त्यांची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, माझ्याच वयाची. ती रडायला लागली. बाबांनी मला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी येऊन म्हणाले, "महूला एक स्थळ आहे, बघतो."

"बघा. मी बोहल्यावर उभी राहणार नाही. शाळापण सोडणार नाही."

पुढचे चार दिवस रोज सकाळी मी दप्तर घेऊन निघायचे, ते बघत राहायचे. अडवलं नाही. पाचव्या दिवसापासून त्यांनी स्थळाचं नाव काढलं नाही. माफीही मागितली नाही.

ताईचं मात्र मला वाईट वाटतं. तिचा काय दोष होता?

पुढे मी शिक्षिका झाले. वयात येणाऱ्या मुलींना शरीर शिकवलं, दार बंद करून, नावं न घेता, विचारतील ते सगळं. बाईसाहेब वारल्या तेव्हा शोकसभेत दोन शब्द बोलायला मला बोलावणं आलं. "झालं गेलं विसरून जा, दीदी," निरोप आणणारा म्हणाला.

मी गेले नाही. विसरलेही नाही. त्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरींना मी सगळं शिकवते, असल्यांना माफ करायला शिकवत नाही.